रापणीच्या दोरापासून चित्रापर्यंत: कोकणच्या हवेत टिकणारं कोलाज

पाऊस ओसरला की वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर पुन्हा रापण लागते. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्याला लागतात आणि दोन्हीकडून माणसं वाळूत टाचा रोवून ओढायला लागतात. गेली काही वर्षं मी याच दृश्याची चित्रं करते आहे. कागद, कापड, दोर, माती आणि रंग यांची. मिश्रमाध्यम कोलाज म्हणतात ते हेच.

हे कसं करायचं असं कुणी विचारलं की मी सामानाच्या यादीपासून सुरुवात करत नाही. हातात घेतलेली वस्तू कुठून आली आणि या चित्रात तिचं काय काम आहे, हे आधी ठरवायचं. मग ती आपल्या हवेत टिकेल का ते तपासायचं. ती सुंदर दिसते का, हे सगळ्यात शेवटी. मुंबई-पुण्यातल्या कार्यशाळांत हा क्रम बहुधा उलटा शिकवला जातो, आणि तिथे तो चालूनही जातो. इथे चालत नाही. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि उरलेले आठ महिने हवेत मीठ असतं.

माझं पहिलं मोठं कोलाज मी साध्या हार्डबोर्डवर केलं होतं. वर्तमानपत्राचे तुकडे आणि मैद्याची खळ. मे महिन्यात ते भिंतीवर लागलं. जुलैच्या शेवटी फ्रेम उतरवली तर मागे काळेहिरवे ठिपके, बोर्ड मध्यभागी फुगलेला, आणि आकाशाच्या भागात कसरीने नागमोडी वाटा खाल्लेल्या. मी त्या दिवशी रडले. नंतर शांतपणे एकेक थर सोलून बघितला आणि जे कळलं त्यावर आजची माझी सगळी पद्धत उभी आहे. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला बळ मिळतं. खळ म्हणजे पिठूळ पदार्थ, तो बुरशीचाही खाऊ आणि कसरीचाही. हार्डबोर्डला मी फक्त पुढून रंग दिला होता, त्यामुळे मागून तो पाणी पीत राहिला. तिन्ही चुका टाळण्यासारख्या होत्या.

विषय हातात येईपर्यंत

रापणीचं चित्र करायचं ठरवलं तेव्हा पहिल्या तीन सकाळी मी मोबाइल घरी ठेवला. हातात छोटी वही आणि पेन्सिल, एवढंच. पहिल्या दिवशी फक्त रेषा काढल्या: दोराचा ताण, ओढणाऱ्यांच्या पाठीचा कल, जाळ्याचा अर्धगोल. दुसऱ्या दिवशी शब्द लिहिले. ‘ओला दोर काळा, सुका दोर करडा’, ‘बायका टोपल्या घेऊन उभ्या, कुणी बोलत नाही’, ‘जाळं जवळ आलं की पाण्याचा रंग बदलतो’. तिसऱ्या दिवशी काहीच न करता दोर ओढायला लागले. तळहात सोलवटले, आणि या चित्रात दोर रंगवायचा नाही, खरा लावायचा, हे तिथेच ठरलं. फोटो काढले असते तर हे मला कळलं नसतं असं माझं ठाम मत आहे. फोटो नंतर काढा, तपशिलासाठी.

चित्रात खरा दोर लावण्याची कल्पना काही माझी नव्हे. पिकासोने १९१२ मध्ये एका लंबगोल कॅनव्हासवर वेताच्या खुर्चीच्या विणीचं छापील ऑइलक्लॉथ चिकटवलं आणि भोवती चौकटीऐवजी दोर लावला. त्याच वर्षी ब्राकने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून चित्रात घेतला. कोलाजचा आधुनिक इतिहास साधारण इथून मोजतात. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी, की ऑइलक्लॉथवरची वीण छापील, म्हणजे वेताची नक्कल, आणि दोर मात्र खराखुरा. चित्रात काय खरं घ्यायचं आणि कशाची नुसती खूण पुरेल, हा निवाडा तेव्हापासून कोलाज करणाऱ्याच्या पदरी आहे.

पण शिकायला पॅरिसकडे बघत बसायची गरज नाही. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब. त्याच्या बाह्यरेषेच्या आत लहानमोठे कितीतरी प्राणी कोरले आहेत. मोठ्या आकाराच्या पोटात लहान आकार कसे नांदवायचे याचा एवढा सुंदर धडा मला दुसरीकडे मिळाला नाही. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, बघा. दशावतारी संचात १२० गोल पानं, दर अवताराची बारा, आणि प्रत्येक अवताराच्या पानांना एकच सपाट जमीन, म्हणजे आकृतीमागचा रंग. ती जमीन घट्ट असते म्हणून वरची बारीक आकृती उठते. कुडाळजवळच्या पिंगुळीला चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, बघितली तेव्हा कळलं की एका चित्रात सगळी गोष्ट सांगायची नसते, बाकीची सांगणाऱ्याच्या तोंडी असते. आणि अलिबागजवळच्या नागावात १९३६ मध्ये जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे. साध्या वस्तूभोवती किती रिकामी जागा सोडता येते, आणि घरादाराला लावतात त्या एनॅमल रंगातून किती शांत पृष्ठभाग काढता येतो, हे त्यांच्या चित्रांसमोर उभं राहून समजतं.

वेचणी

दोर मागायला गेले तेव्हा रापणीतले एक म्हातारे तांडेल, म्हणजे मच्छीमारांचे म्होरके, फाटकं जाळं शिवत बसले होते. मी म्हटलं, “तात्यानू, हो तुकडो माका देशात?” ते बघतच राहिले. “अगो, ता कुजलेला आसा. ह्येचा काय करतलंस?” मी सांगितलं. त्यांनी तुकडा परत घेतला, उलटापालटा केला आणि त्यात नखाने एक जागा दाखवली. कारखान्यातून आलेल्या जाळ्याच्या गाठी एकसारख्या, एका मापाच्या, दाबून बसवलेल्या. मध्ये मात्र आठ-दहा घरं हाताने शिवलेली होती. तिथला धागा जरा जाड, गाठ किंचित तिरकी, आणि प्रत्येक गाठीनंतर सुताचं अर्ध्या इंचाचं शेपूट राखलेलं. “ही माजी,” ते म्हणाले. त्या आठ-दहा घरांसाठी मी तो तुकडा आणला. चित्रात त्या गाठी प्रेक्षकाच्या बाजूला आहेत, बाकीचं जाळं रंगाखाली बुडालेलं आहे.

वस्तू अशी घ्यावी: विचारून, आणि तिची गोष्ट ऐकून. किनाऱ्यावर पडलेलं सगळंच आपलं नसतं. प्रवाळ आणि समुद्रपंखा (पंख्यासारखं वाढणारं प्रवाळ) १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, लाटेने बाहेर फेकलेला तुकडाही उचलू नका. जिवंत शंख-शिंपले तर नाहीतच. घरातली मोडी लिपीतली जुनी कागदपत्रं फाडू नका, कितीही मोह झाला तरी. त्यांची झेरॉक्स काढा.

आणलेल्या दोराचं आणि लाकडाचं पहिलं काम मीठ काढणं. मीठ हवेतलं पाणी ओढतं. खारा दोर चित्रावर लावला तर तो दर पावसाळ्यात घामाघूम होतो, त्याखालचा गोंद सुटतो आणि रंगावर पांढरा फुलोरा येतो. बादलीत गोडं पाणी घ्या, दोर बुडवा, पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. मला काथ्याच्या दोराला चार दिवस लागतात, जुन्या होडीच्या फळीला आठवडा. मग कडक उन्हात वाळवा. खरी परीक्षा त्यानंतर: एखाद्या दमट संध्याकाळी तो दोर मुठीत धरून बघा. चिकट, ओलसर लागला तर मीठ अजून आत आहे, पुन्हा बादलीत. कोरडा, खरखरीत राहिला की झालं.

जुन्या होडीच्या किंवा दाराच्या रंगाचे पोपडे दिसायला फार देखणे असतात. पण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादेत आणणारा नियम २०१६ चा आहे, त्याआधीचा रंग असेल तर जपून. कोरडं घासू नका, मास्क आणि हातमोजे घाला, आणि हे काम मुलं वावरतात तिथे करू नका.

कागदाची पारख

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निनमुळे तो पिवळा पडतो आणि पुढे ठिसूळ होतो. तो मूळ रूपात चिकटवण्यापेक्षा चांगल्या जाड कागदावर लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स घ्या. इंकजेटची शाई बहुधा ओल्या गोंदात फुटते, बोटाला पाणी लावून कोपऱ्यावर घासलं की लगेच कळतं. एसटीची मशीनमधून येणारी तिकिटं उष्णतेने छापलेली असतात, दोन-तीन वर्षांत कोरी होतात, त्यांचीही झेरॉक्सच. जुनी, कंडक्टरने पंच केलेली तिकिटं मात्र कुणाच्या पेटीत सापडली तर सोनं समजा. लग्नपत्रिकांचा कागद उत्तम. पतंगाचा कागद पारदर्शक थरांना छान, पण त्याचा रंग सुटतो, म्हणून मी पांढराच घेते आणि स्वतः रंगवते. आधारासाठी पुण्याचा हातकागद. आंब्याच्या पेटीतला पेंढा आणू नका, त्यात किडे येतात.

जांभ्याचा रंग

माझ्या चित्रातला लाल मी विकत घेत नाही. जांभ्यात लोहाचे ऑक्साइड असतात, आणि ते उन्हात विटत नाहीत. चिऱ्याच्या खाणीवर तासताना पडलेला भुगा मूठभर आणला तरी वर्षभर पुरतो.

भुगा खलात कुटायचा आणि बारीक चाळणीने चाळायचा. मग उभ्या बरणीत पाणी भरून त्यात ढवळायचा आणि मनात वीस आकडे मोजायचे. जड रेव तळाला बसते. वरचं लाल पाणी अलगद दुसऱ्या बरणीत ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी वर निवळ पाणी, खाली साईसारखा मऊ गाळ. पाणी काढून टाका, पुन्हा गोडं पाणी घाला, असं तीनदा. शेवटचा गाळ ताटलीत वाळवला की बोटांत धरवणार नाही इतकी मऊ पूड मिळते. पहिल्या बरणीतली रेवही टाकू नका, वाळूचा पोत द्यायला ती कामी येते. वापरताना पूड काचेवर घ्यायची, चार थेंब पाणी घालून सुरीने घोटायची, मग अ‍ॅक्रिलिक मॅट मीडियम मिसळायचं, म्हणजे पूड धरून ठेवणारा, न चमकणारा चिकट द्रव. वाळल्यावर बोट घासून बघा. रंग बोटाला लागला तर मीडियम कमी पडलं.

हळद आणि कोकम यांच्या नादी लागू नका. मीही लागले होते. हळद उन्हात उडून जाते, आणि चुन्याला लागली तर लाल होते, हे तर कुंकू करणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. कोकमाचा आगळ कागदावर इतका सुरेख उतरतो की सोडवत नाही, पण तोही थोड्याच काळात मळकट तपकिरी होतो. वहीत खुशाल वापरा.

पाट

पाट म्हणजे ज्यावर सगळं चिकटवायचं ती फळी. ९ मिलिमीटर मरीन प्लाय, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला. माझ्या रापणीच्या चित्राला दीड बाय दोन फूट. मागे सागवानी पट्ट्यांची चौकट, म्हणजे पाट वाकत नाही. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे. लोखंडी स्क्रूचा गंज वर्षभरात पुढच्या कागदावर येतो. पुढे, मागे आणि विशेषतः चारी कडांना अ‍ॅक्रिलिक प्रायमरचे दोन-दोन हात, मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर. कडांतूनच पाणी जास्त शिरतं.

मांडणी, गोंदाची बाटली न उघडता

आता घाई नको. मी सगळे तुकडे पाटावर नुसते ठेवते आणि किमान एक रात्र तसेच राहू देते. पंखा बंद.

आधी छटा. मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करा. गडद, मधली आणि उजळ अशा तीन छटा स्पष्ट वेगळ्या दिसल्या पाहिजेत. माझ्या पहिल्या मांडणीत समुद्राचा निळा आणि वाळूचा लाल डोळ्यांना कितीतरी वेगळे वाटत होते, कृष्णधवल फोटोत दोन्ही एकच करडे. म्हणजे चित्राला जमीनच नव्हती. गंजिफा आठवली. समुद्राचा सगळा भाग एकाच गडद कागदाखाली घेतला आणि वाळू उजळ केली, तेव्हा कुठे अर्धगोल उठला.

मग पाट उलटा फिरवून बघा, आरशात बघा. अक्षरं वाचण्यात मन गुंतत असेल तर अक्षरांचा कागद आडवा किंवा उलटा लावा. एका चित्रात वाचता येईल असा एकच मजकूर पुरे, बाकीचा पोत म्हणून राहू दे. रापणीच्या चित्रात आधी तिकिटं, पत्रिका, पंचांगाचं पान, सगळंच होतं. एकेक उचलून विचारत गेले: तू इथे का? पंचांगाच्या पानाला उत्तर होतं, कारण भरती-ओहोटी तिथीवर चालते. पत्रिकेला नव्हतं. ती काढली आणि जागा रिकामीच ठेवली.

कागद कापायचा की फाडायचा, हेही याच वेळी ठरवा. कागदाला धार असते, म्हणजे त्याच्या तंतूंचा एका दिशेला कल असतो. तिच्या दिशेने तो सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा. रंगवलेला कागद फाडला की एका तुकड्याला पांढरी किनार येते आणि दुसऱ्याला येत नाही, ओढायची दिशा बदलली की किनारीची बाजू बदलते. लाटेचा फेस मी रंगवलेला नाही, निळा कागद आडवा फाडून आलेली ती किनार आहे. होडी मात्र कात्रीने कापली, कारण ती माणसाने केलेली वस्तू. पटली मांडणी की फोटो काढा, तुकड्यांना मागून क्रमांक घाला.

चिकटवणं

पातळ कागदाला अ‍ॅक्रिलिक मॅट मीडियम. पाटावर एक हात, कागदाच्या पाठीला एक हात, ठेवा, आणि जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने मधून बाहेर हवा काढत जा. वरूनही एक पातळ हात. जाड कागद आधी मागून जरा ओलसर करून पाच मिनिटं थांबा. ओला कागद पसरतो, आणि त्याला पाटावर पसरू दिलं तर सुरकुत्या पडतात, आधीच पसरलेला असेल तर वाळताना ताणून सपाट बसतो. वर बटर पेपर, त्यावर पोळपाट, त्यावर पाट्याचा दगड, रात्रभर. मागच्या बाजूलाही तेवढाच एक कागद चिकटवा, नाहीतर एकाच बाजूचा ताण पाटाला ओढतो.

कापड आणि लाकडाला फेविकॉल. दोर आणि जाळ्याच्या बाबतीत मात्र गोंदावर विसंबू नका. नायलॉन गुळगुळीत असतं, गोंद पीत नाही, आणि काथ्या आपल्या ताणाने उचकटतो. मी प्लायला बारीक ड्रिलने भोकं पाडते आणि जाळं शिवायच्याच दोऱ्याने त्यांना पाटावर शिवून घेते, तात्यांनी दाखवलेल्या गाठीने. मग अ‍ॅक्रिलिक जेल भरून बाकीचं जाळं बुडवते. रापणीचे दोन दोर चित्राच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून शिरतात आणि प्रत्येकी सहा टाक्यांवर उभे आहेत.

रंग

रंग सगळ्यात शेवटी आणि जेमतेम. त्याचं काम एकच, वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या वस्तूंना एका हवेत आणणं. जांभ्याच्या रंगाचा अगदी पातळ थर सगळ्या वाळूवरून फिरवला, ओल्या फडक्याने लगेच पुसला. खाचांत राहिला, उंचवट्यावरून निघाला. पाठीचा बाक दाखवायला पाण्यात न फुटणाऱ्या काळ्या शाईच्या सात-आठ रेषा. माणसांना तोंडं दिली नाहीत. रापणीत तोंडं दिसत नाहीत, पाठी दिसतात. कुठे थांबायचं याचा माझा नियम हा: हात एखाद्या जागी फक्त सुशोभित करायला जायला लागला की ब्रश धुवायचा.

ऋतू बघून काम

सगळी चिकटवाचिकटव नोव्हेंबर ते मार्च. एप्रिल-मे मध्ये उष्म्याने मीडियम हातातच वाळतं, आणि तेव्हा घरात आंब्याची गडबड असते. व्हार्निश चित्र पूर्ण झाल्यावर दोन आठवड्यांनी, कोरड्या दुपारी, मॅट अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ हात. दमट दिवशी मारलं तर त्यावर दुधाळ पडदा चढतो आणि तो जात नाही. जून ते सप्टेंबर वही, कागद रंगवणं, छोट्या चाचण्या, एवढंच.

भिंतीवर लावताना फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे सेंटिमीटरभर जाड तुकडे लावा, मागून हवा खेळली पाहिजे. पावसाचा मारा लागणाऱ्या भिंतीवर चित्र नकोच. काच लावायची तर ती कागदाला टेकू देऊ नका. पावसाळ्यात मी मोठी चित्रं उतरवून कपाटात उभी ठेवते, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा पासष्टच्या वर गेला की पुड्या तव्यावर मंद गरम करून पुन्हा ठेवायच्या.

चित्राच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवते: कुठला दोर, कुणी दिला, कुठल्या खाणीची माती, कुठला गोंद, कुठल्या महिन्यात. पुढे कुणाला ते दुरुस्त करायचं असेल तर ही माहिती लागते. रापणीच्या चित्रामागे आठ ओळी आहेत. गेल्या ऑक्टोबरला कपाटातून काढलं तेव्हा प्रथम मागून वास घेतला, मग टॉर्च तिरका धरून पृष्ठभाग बघितला. उजवीकडच्या दोराचा चौथा टाका सैल झाला होता. दाभण आणि दोरा घेतला आणि तेवढा पुन्हा घातला.